गुरुवारचे चष्मे

एर्सिलिया आधी नळाखाली मनगट धरते.
कोमट. त्याहून ऊन नको,
ऊन पाण्याने काचेवरचा लेप
दुधावरच्या सायीसारखा सुरकुततो, म्हणते,
आणि ट्रेमधला पहिला चष्मा उचलते
दोन्ही हातांनी,
नुकत्याच जन्मलेल्या कोकराला उचलावं तसा.

वृद्धाश्रमाची धुण्याची खोली, साडेनऊ.
सतरा चष्मे, एक गॉगल.
खिडकीतून दिसतो दरीतला बंद कारखाना,
जिथे एकतीस वर्षं तिने फ्रेमा घासल्या,
जगभरच्या नाकांसाठी,
आणि एकही नाक पाहिलं नाही.

मी मोल्दोव्हाहून आले तेव्हा
काचा एप्रनच्या टोकाने पुसायचे, हाऽ करून.
तिने हात धरला माझा.
"धूळ म्हणजे दगडच, पोरी, फक्त बारीक.
आधी वाहून जाऊ दे.
मग हात लाव."
त्या आठवड्यात मी नवऱ्याचे फोन उचलत नव्हते.
तिला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

साबणाचा एक थेंब. लिंबाचा नको.
अंगठा आणि तर्जनी, मध्ये काच,
गोल, गोल, न घासता.
नाकाच्या गादीखाली साचलेलं हिरवं काढायला
दातांचा जुना ब्रश.
जाचिंताच्या काचेवर हेअरस्प्रेचे ठिपके:
म्हणजे रविवारी मुलगा येऊन गेला.
सिल्वेस्त्रोच्या डाव्या काचेवर पोलेंता, नेहमी डाव्याच.
फिओरेन्झाच्या चष्म्यावर मिठाची पुसट कडी,
आतल्या बाजूला.
एर्सिलिया काही बोलत नाही,
तो चष्मा नळाखाली जरा जास्त वेळ धरते.

गॉगल ओनोरातोचा.
काचबिंदूने त्याचे दोन्ही डोळे कधीच नेले,
तरी दर गुरुवारी तो स्वतः आणून देतो
भिंत चाचपत.
एकदा मी विचारलं, धुवायचा कशाला?
"काचेला दोन बाजू असतात," तो म्हणाला.
"माझ्या बाजूला काही नाही.
तुमच्या बाजूला मी आहे."
तेव्हापासून त्याचा मी दोनदा धुते.

गेल्या गुरुवारी तिचे हात थरथरले.
एक दांडी निखळली, स्क्रू उडाला
तांदळाच्या कणीएवढा.
आम्ही दोघी फरशीवर, गुडघ्यांवर,
ती नाक जमिनीला टेकवून शोधत होती
आणि मी पाहिलं:
तिचा स्वतःचा चष्मा ट्रेमध्ये कधीच नसतो.
मधाच्या रंगाची फ्रेम, कारखान्यातल्या उरल्यासुरल्या तुकड्यातून
तिनेच कापलेली, आता कडांना पांढुरकी पडलेली.
काचा माशाच्या खवल्यासारख्या.

स्क्रू शेवटी ओनोरातोला सापडला,
वॉशिंग मशीनच्या पायाशी, तळहात फिरवून.
बसवलाही त्यानेच, नखाने.
"ह्याला डोळे लागत नाहीत," म्हणाला, जरा फुशारकीने.

"द्या तुमचा," मी म्हटलं.
"नंतर."
"आत्ता."
तिने काढून दिला.
नाकावर दोन गुलाबी खळगे,
वर्षानुवर्षं दाबून पडलेले,
आणि मध्ये एक अनोळखी चेहरा,
अगदी लहान, झोपेतून उठवल्यासारखा.

मी मनगट धरलं. कोमट.
दगड वाहून जाऊ दिले.
मग थेंब, मग गोल, गोल.
ओरखडे निघत नाहीत, ते तिनेच शिकवलेलं,
ते मी तसेच राहू दिले.
पाणी झटकलं, सुती फडक्याने टिपलं,
उजेडाकडे धरलं.
पलीकडे बर्फाचा डोंगर उभा होता, सरळ.

तिने चष्मा चढवला.
डोंगराकडे बघेल असं वाटलं होतं.
ती माझ्याकडे बघत राहिली, बराच वेळ.
"तू एवढी दमलेली असतेस?" म्हणाली.
"मला वाटायचं,
तुझा रंगच तसा आहे."

मी नळ सोडला.
ट्रेमध्ये अजून चार चष्मे राहिले होते.